न पाहिलेल्या गावाचे कारभारी

आपल्या गावाचा अभिमान बाळगणारे पुष्कळ भेटतात. पण ज्या गावाचं तोंडही कधी पाहिलं नाही त्याचा कारभार डोक्यावर घेऊन फिरणारा माणूस जगात एकच, आमचे साडू. मूळचे नाशिकचे, इथे आखातातल्या अहमदीत पाइपलाइनचे इंजिनियर. सकाळी कोपऱ्यावरच्या इराणी तंदूरवर रोटी आणायला जात आणि तासाभराने थंडगार रोटी घेऊन परतत. तो तास तंदूरवाल्या चाचांचा. मोडक्या हिंदीत ते आपल्या इराणातल्या तालुक्याची खबरबात सांगत. बारा वर्षांत साडूंना तिथली अकराच्या अकरा गावं पाठ झाली: कुठलं खरबूज गोड, कुठल्या गल्लीतलं कुत्रं चावरं, कुणाची सून कुणाशी बोलत नाही. त्यांनी हाताने काढलेला नकाशा दिवाणखान्यात लावला होता. "बाबा, दीज प्लेसेस आर नॉट इव्हन ऑन द मॅप," मुलगा म्हणाला. "मग मॅप चुकला," साडू म्हणाले.

चाचांचं गाव खालचं. डोंगरातून येणारं पाणी आधी वरचं गाव घेई, उरलं तर खाली येई. एके वर्षी चाचांची डाळिंबं वाळायला लागली. "बाग गयी तो मैं वापस किधर जाएगा, इंजिनियरसाब?" या प्रश्नाने साडूंची झोप उडाली. ऑफिसात शिफ्ट लावतात तसं त्यांनी दोन्ही गावांचं पाण्याचं पाळीपत्रक केलं, लाल-निळ्या शाईत, सुट्टीच्या दिवसांच्या बदली पाळ्यांसकट. मेव्हणी मला म्हणाली, "भाऊजी, आमचा स्वयंपाकघरातला नळ सहा महिने गळतोय, आणि हे इराणात पाणी वाटतायत. लष्कराच्या भाकऱ्या, दुसरं काय." त्या नळाखालची बादली मी स्वतः दोनदा उपसली आहे.

चाचा तो कागद घेऊन गावी गेले ते परतलेच नाहीत. तंदूरवर नवा माणूस आला, तो नुसती रोटी देतो. तरी साडू सवयीने तासभर तिथे घुटमळत. "वरच्यांनी मानलं नसणार," एवढंच म्हणत. मला वाईट वाटे, पण चिडवणं काही सोडवलं नाही.

गेल्या महिन्यात चाचांचा फोन आला. वर्षभर भांडून दोन्ही गावांनी तो तक्ता मानला होता. बाग वाचली होती, म्हणून चाचा तिथेच राहिले होते. तक्त्यात गावकऱ्यांनी आपल्याकडून एक ओळ वाढवली होती: मंगळवारी सकाळी सात ते साडेसात, पाणी इंजिनियरसाबांचं. त्या पाण्यावर साडूंच्या नावाचं एक डाळिंब लावलं होतं.

साडू आता निवृत्त होऊन नाशिकला निघालेत. ते झाड बघायला जाणं काही व्हायचं नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. परवा मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. मंगळवारी उठून पाहतो तर साडू चहा तसाच ठेवून घड्याळासमोर बसलेले. तिथले सात म्हणजे इथले साडेसहा. आत नळ टपटपत होता. "सोडलं असेल आता," ते हळूच म्हणाले. चिडवायला एरवी मला निमित्त लागत नाही, पण त्या दिवशी मी आत जाऊन नळाखालची बादली उपसून आलो. सात वाजेपर्यंत मेव्हणीनेही त्यांना हाक मारली नाही.