मस्कत तीन तासांवर

लेकीचं पहिलं बाळंतपण मस्कतला होणार म्हटल्यावर मला जायलाच हवं होतं. दिवस भरत आले होते, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कधीही होईल म्हणून सांगितलं होतं. इकडे आमच्या यजमानांनी मोबाइलवर पाहून आळीभर सांगून टाकलं, "मुंबई ते मस्कत विमान तीन तासांच्या आत! आपल्याला दापोलीला एसटीनं जायला याहून जास्त वेळ लागतो." रत्नागिरीहून मुंबई गाठायलाच अख्खा दिवस मोडतो, हे मात्र सोयीस्कर विसरले. आमचं विमानतळ अजून होतंच आहे.

तिकीट मिळालं तेही नेमकं अवसेचं. विमानाचा वेग पटला तरी अवस कशी पटणार? यांनी आदल्या दिवशीच माझं प्रस्थान ठेवलं. सोबत न्यायची एखादी वस्तू, तांदूळ नि सुपारी पिशवीत घालून चांगल्या वेळेला शेजारच्या घरी ठेवायची, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात. निघताना पिशवी उचलायची. एखादी साडी ठेवली असती तरी भागलं असतं. पण या शहाण्यांनी सगळ्यात मोलाची वस्तू म्हणून माझा पासपोर्टच घालून पिशवी शेजारच्या काकूंना दिली.

सकाळी मी आणायला गेले तर काकूंच्या दाराला कुलूप. भावाला बरं नाही म्हणून त्या पहाटेच पूर्णगडला माहेरी गेल्या होत्या. फोन लावला.

"अगो बाय माझे! पिशवी कपाटात हाय नि चाव्या माझ्या कनवटीला!"

यजमान कुलूप फोडायला कोयता घेऊन निघाले. "आणि कपाट कशानं फोडाल? डोक्यानं?" मी ओरडले. तसे ते पायरीवर मटकन बसले. मला रडू आवरेना. पोरगी परमुलखात एकटी कळा सोसणार, आणि तिची आई इथे परक्या कुलपासमोर उभी.

काकूंनी एसटीची वाट बघितली नाही. म्हावऱ्याचा टेम्पो हात करून थांबवला नि पुढे बसून आल्या. पिशवी माझ्या हातात कोंबत म्हणाल्या, "जा गो, धाव आता." मी कशीबशी गाडी गाठली. डब्यात शेजारची बाई नाकाला पदर लावून बसली, म्हणजे पिशवीलाही मासळीचा वास लागला होता.

विमानात जेवण आलं, आवरलं, जरा डोळा लागतोय तोच उतरायची सूचना झाली. लेक सातासमुद्रापार गेली म्हणून मी वर्षभर टिपं गाळली होती. ती एवढ्याशा अंतरावर होती! एकटीच हसले.

जावई मला थेट इस्पितळात घेऊन गेले. कळा केव्हाच्या सुरू झाल्या होत्या, बाळ अजून झालं नव्हतं. मला दारात बघून लेकीनं दोन्ही हात पुढे केले.

"आलीस? मग आता होऊ दे."