पिल्लांवरची मरळ

मंडळी, सकाळी आपल्या मासेमारीच्या ग्रुपवर टाकलेला मरळ माशाचा फोटो मी काढून टाकलाय.

चाकणजवळ भामा नदीच्या डोहात लालसर पिल्लांचा घोळका दिसला. पिल्लं राखणारी मरळ रागानं झडप घालते, हे मला माहीत होतं. म्हणूनच गळाला लावलेला रबरी बेडूक नेमका घोळक्यात टाकला. लगेच लागली.

काठावर धुणं धुणाऱ्या एक मावशी ओरडल्या, "आरं, लेकुरवाळी हाय ती, सोड!"

"फोटो काढतो, मग सोडतो," म्हणालो. चांगले चार-पाच काढले.

सोडली तेव्हा ती कुशीवर तरंगत राहिली. तोवर चिलापी माशांनी पिल्लांचा फडशा पाडला होता. मी मावशींकडे न बघता दोरी गुंडाळली.

पिल्लं दिसल्यावर गळ आवरणारं तुमच्यात कुणी आहे का, भावांनो? मी तर समजून-उमजून टाकला.