अर्धी बाटली

बाटली उन्हात धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, “किड्याले किडा खाते, भाऊ.” मूर्तिजापूरचे कंपाउंडरसाहेब एवढं बोलून मोकळे होत. बाटलीत मला तरी साधं पाणीच दिसे. तुम्हीही पाहिलं असतं तर तेच म्हणाला असता.

सरकारी नोकरीत असताना, पटकीची साथ आली की ते विहिरींत फेज नावाचं औषध टाकत फिरत. रोगाच्या जंतूंना खाणारे त्याहून बारीक जंतू, असं ते सांगत. पेन्शनीत निघाल्यावर हाताशी विहीर उरली नाही, तेव्हा त्यांची नजर माझ्या तळ्यावर गेली.

मी डोक्यावर टोपली घेऊन मासे विकता विकता ठेकेदार झालेला माणूस. त्या साली होतं नव्हतं ते तळ्यात घातलं आणि रोहूंच्या अंगावर लाल फोड आले. रोज सकाळी पाच-दहा मासे पोट वर करून तरंगत. साहेबांनी त्यातला सगळ्यात सडका मागितला. खायला नेतात असं समजून मी त्याचाही भाव सांगितला. ते नाक दाबून हसले.

आठवड्याने बाटली घेऊन आले. तो मासा ठेचून, तळ्याच्याच पाण्यात कालवून, चिनी मातीच्या फिल्टरातून गाळलेला. किंमत दोन ताजे रोहू.

“एक देतो.”

“मंग औषध अर्धं.”

“द्या अर्धं.”

त्यांनी खरोखर अर्धीच बाटली तळ्यात ओतली, बूच लावलं आणि रोहू शेपटीला धरून निघून गेले. चार दिवस मी काठावर बसून स्वतःला शिव्या घातल्या. एका रोहूपायी तळं घालवलं होतं. पाचव्या दिवशी तरंगणारे कमी झाले. पंधरवड्यात फोड सुकले.

मी भांडायलाच गेलो. “अर्ध्यानं कसं भागलं, साहेब?”

“चमचाभरानंही भागलं असतं. जंतू भेटले का थे आपले आपणच वाढतात.”

“मंग दोन रोहू काहून मांगतले?”

“तुमी कोणताही भाव अर्ध्यावर आणता, हे सारं मूर्तिजापूर जाणते. मले एकच पायजे होता.”

भर बाजारात मला कोणी असं गंडवलं नव्हतं. दोन वर्षं मी त्यांना रामराम घातला नाही. ते मात्र वाटेत दिसले की एक डोळा मिटत.

ते वारल्याचं कळलं, तेव्हा द्यायचा राहिलेला दुसरा रोहू घेऊन त्यांच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, “आमच्या घरी कोणी मासे खात नाई, भाऊ. तो पयला मांजरीनं खाल्ला.” मग आतून तीच बाटली आणली. वर चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘ठेकेदाराचं राहिलेलं अर्धं. किंमत दोन रोहू.’

माझ्या हातात एकच होता. तो मी मांजरीपुढे ठेवला.