शेऱ्याखालची सही

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, माझ्या मुलीची नोकरी धोक्यात आणण्याचे काम मी एकट्याने, कोणाचीही मदत न घेता आणि पूर्ण शुद्धीत केले आहे. याबाबत माझ्या पत्नीने सोसायटीत जे सांगितले असेल, ते खरे समजावे.

आमची मुग्धा रावेतजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. सहा महिन्यांचं प्रोबेशन संपत आलं होतं आणि कायम केल्याचं पत्र सोमवारी मिळणार होतं. त्याआधीच्या शनिवारी कंपनीने पालकांना चहाला बोलावलं. (आमच्या कारखान्यात पालकांना बोलावत ते पोरगा दांड्या मारायला लागला की.) मी महाळुंग्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढलेला माणूस, त्यातली बरीचशी सुपरवायझर म्हणून. तेव्हा कडक इस्त्रीचा शर्ट चढवून मी तपासणीला निघाल्यासारखा निघालो.

"बाबा, तिथे शिफ्ट किती वाजता सुटते असं कुणाला विचारू नका," मुग्धा म्हणाली.

"नाही विचारत."

"आणि युनियन आहे का, तेही नाही."

"आता हे जरा जास्त होतंय."

आत शिरल्याशिरल्या भिंतीवर मोठ्या साहेबांचे फोटो होते आणि प्रत्येकाखाली त्याची कारकीर्द. माझी बायको शैला चष्मा विसरली होती, म्हणून मी वाचून दाखवू लागलो. पहिल्या बाई आधी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायच्या, मग बँकेत, मग परदेशात.

"टिकत नाहीत वाटतं कुठे," शैला म्हणाली.

दुसरे साहेब पाच कंपन्या फिरलेले. "असा अर्ज आमच्याकडे आला असता तर गेटवरूनच परत पाठवला असता," मी म्हणालो.

"बाबा, हळू."

तिसरे चेतन घोरपडे, मुग्धाच्या विभागाचे प्रमुख. सुरुवात : प्रशिक्षणार्थी, गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना, महाळुंगे. अकरा महिने.

मी वाचायचा थांबलो.

"पुढे?" शैलाने विचारलं.

"पुढे काही नाही. चहा घेऊ."

फोटोतल्या माणसाचे केस गेले होते, पण डावी भुवई तशीच वर चढलेली. हा माझ्या लाइनवर होता. प्रेस मशीन सोडून सदा ऑफिसातल्या कॉम्प्युटरपाशी सापडायचा. एकदा म्हणाला, "सर, तुमचा रोजचा रिपोर्ट हा आपोआप काढेल." तो रिपोर्ट मी हाताने, लाल रेघा मारून लिहायचो. त्यात रोज दोन तास जात, आणि त्या दोन तासांवर माझी खुर्ची उभी होती. अकराव्या महिन्यात मी शेरा मारला : 'यंत्रापेक्षा कॉम्प्युटरजवळ जास्त आढळतो. कायम करण्यास योग्य नाही.' खाली सही. (माझ्या मते झोकदार, इतरांच्या मते न वाचता येणारी.) तो कागद पोराच्या हातात द्यायची हिंमत होईना, म्हणून दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर शेलार याच्याकडून दिला.

"मुग्धा, त्या पत्रावर सही कुणाची असते गं?"

"घोरपडे सरांची. का?"

"सहज."

मी छातीवरचं नावाचं कार्ड उलटं केलं आणि एका खांबाआड शैलाला सगळं सांगितलं. तिच्या हातातला सामोसा तसाच राहिला.

"म्हणजे तुम्ही त्याला घालवलंत, आणि आता तो हिला कायम करणार?"

"हळू बोल."

"तुम्ही बोलूच नका. शिंकूसुद्धा नका."

तेवढ्यात मुग्धा घोरपडेंनाच घेऊन आली. त्या काळी मला जाड मिशा होत्या आणि डोक्यावर हेल्मेट असायचं, एवढाच काय तो आधार.

"नमस्कार काका. कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय. काय करता आपण?"

"शेती करतात," शैला म्हणाली.

"अरे वा. काय लावलंय?"

"ऊस," मी म्हणालो.

"हळद," शैला त्याच क्षणी म्हणाली.

मुग्धा आमच्याकडे बघतच राहिली. आमच्या बाल्कनीत साधा कोथिंबिरीचा डबा नाही. घोरपडेंची डावी भुवई आणखी वर गेली, पण तेवढ्यात त्यांना भाषणाला बोलावलं. मी शेवटच्या रांगेत खुर्चीत जेवढा खाली सरकता येईल तेवढा सरकलो. अर्धा तास निभावला की सोमवार आपला होता.

"पहिल्या नोकरीतून मला काढलं होतं," घोरपडे माइकवर म्हणाले. "शेरा अजून पाठ आहे." आणि त्यांनी तो म्हणून दाखवला. एका अक्षराचीही चूक नाही. लोक हसले. शैलाने माझं मनगट पकडलं.

"पण त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. त्याने मला बरोबर ओळखलं. तसं ओळखणारा साहेब पुन्हा भेटला नाही. शेलार साहेब, तुम्ही जिथे असाल तिथे, मनापासून आभार."

सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला.

शेलारला! ज्याला प्रेस आणि लेथ यांतला फरक सांगायला मी लागायचो, जो माझं उत्पादन आपल्या शिफ्टच्या नावावर खपवायचा, त्या शेलारला.

"बसा," शैला दातांतल्या दातांत म्हणाली. "मुग्धाची शपथ आहे, बसा."

बसायलाच हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण टाळ्या थांबेनात. भिंतीवरच्या फोटोतल्या पहिल्या बाईसुद्धा शेलारसाठी उभ्या राहिल्या. माझं मनगट कधी सुटलं आणि मी खुर्चीवर कधी चढलो, मला आठवत नाही. जे ओरडलो ते मात्र आता अख्ख्या रावेतला पाठ आहे :

"ओ घोरपडे, शेलारचा काय संबंध? तुम्हाला मी काढलंय, मी! सही माझी आहे, विचारा आमच्या मुग्धाला!"