ज्वारीतलं डुक्कर
हुरडा भाजल्याचा वास आला की चिंचोळीतली ती सकाळ आठवते. आठवीत शाळा सोडून, घरापासून लांब, मी कंपनीत नवाच लागलो होतो. आदल्या दुपारी खोलीतल्या पोरांनी मोबाईलवर ऑस्ट्रेलियातला एक सिनेमा लावला होता. त्यात ट्रकएवढं रानडुक्कर भिंत फोडून माणसं ओढून नेतं. तिथला माळही हितल्यासारखाच, रखरखीत आणि काटेरी. सकाळी धुक्यात मी ज्वारीतल्या वाटेनं कामाला निघालो, तर शेजारीच सळसळ झाली, मग घुरघुर. पायच उचलेनात. उशीर झाला तर सुपरवायझर गेटवरूनच परत पाठवणार, नोकरी जाणार. तेवढ्यात पिकात उभारलेल्या माळ्यावरून राखणीच्या एक बाई ओरडल्या, "काय रं, खांब झालास का?" "मावशी, डुक्कर!" "हाय की. रोजच येतंय. गप चाललास तर अंगावर येतंय, वरडत जा. मी हाय हितं." आणि त्या पत्र्याचा डबा बडवू लागल्या. मी "आई, आई" बोंबलत पळालो. डांबरी रस्त्याला लागलो तरी डबा वाजतच होता. आई अजून फोनवर विचारते, तिकडं तुझं कोण आहे रे? त्या बाईंचं नावही मला माहीत नाही, तरी मी सांगतो, "हाय की."