खटका पलीकडच्या काठावर

गेल्या तान्ह्या पोळ्याला, दुपारच्या जेवणानंतर, धानोऱ्यातले आमचे घरमालक स्वतः बांधलेल्या पुलावरून लाव्हात पडले आणि जळून गेले. त्यांच्याजवळची कुऱ्हाड, शिदोरी आणि बरंचसं लोखंडही त्यांच्यासोबत गेलं. त्यानंतर त्यांनी चहा मागितला. घटना टॅबलेटवर घडली. ठोकळ्यांवर ठोकळे रचून जग उभारायचा जो खेळ असतो, त्यात माणूस मेला की आपल्या खाटेवर पुन्हा उभा राहतो. घरमालकही राहिले. चहा आणून देताना घरमालकीणबाईंनी विचारलं, "आता कोणी मारलं जी तुमाले?" तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "नियमानं."

गडचिरोली जिल्ह्यात जंगल खात्याचे नाके बरेच आहेत आणि त्या नाक्यांवरून निवृत्त झालेली माणसंही बरीच आहेत. पण निवृत्तीनंतर इतक्या काटेकोरपणे नाका चालवणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसावा. त्यांची सगळी नोकरी रस्त्यावरचा आडवा बांबू वर-खाली करण्यात गेली. निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी घराचं लोखंडी फाटक काढून टाकलं आणि त्या जागी बांबू बसवला. एका टोकाला दोर, दुसऱ्या टोकाला वजनासाठी दगड. मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. बातमीसाठी सकाळी बाहेर पडायचो तेव्हा बांबू वर व्हायचा, पण त्याआधी "कुठी चालले, पेपरवाले?" हा प्रश्न व्हायचा. उत्तर दिल्याशिवाय बांबू हलत नसे. दूधवाल्याला रोज दुधाच्या कॅनचं झाकण उघडून दाखवावं लागे. शेजारची म्हैस एकदा बांबूखालून वाकून आत आली, तर तिला परत बाहेर नेऊन, बांबू वर करून, रीतसर आत घेण्यात आलं. म्हशीनं हरकत घेतल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

लाकडाचा वासही त्यांच्या नाकातून गेला नव्हता. कोणाच्या घरी गेले की बसण्याआधी खुर्ची बोटाच्या पेरानं ठोकून पाहायचे. नात्यातल्या एका बारशाला पाळण्यात बाळ होतं, बायका गाणं म्हणत होत्या, आणि हे पाळण्याच्या दांडीवर टकटक करत होते. "सागवान हाय," ते यजमानांना म्हणाले. "वाहतुकीचा पास हाय का?" घरमालकीणबाईंनी त्यांना दंडाला धरून जेवणाच्या पंगतीत नेऊन बसवलं. "पोराचं नाव त आयकून घ्या," असं त्या म्हणाल्या, त्याला मी साक्षीदार आहे. नाव त्यांनी ऐकलं. पण परतीच्या वाटेवर पाळण्याबद्दलच बोलत राहिले.

हा खेळ त्यांना मुलीनं शिकवला. ती त्यांची एकुलती एक. लॉकडाऊनमध्ये चंद्रपूरहून घरी येऊन राहिली होती, तेव्हा बाप दिवसभर रिकाम्या रस्त्याकडे बघत बसतो हे पाहून तिनं टॅबलेट त्यांच्या हाती दिला आणि दोघांचं मिळून एक सामाईक जग सुरू केलं. तिनं घर बांधलं, बाग केली, मेंढ्या पाळल्या. यांनी डेपो बांधला. तोडलेल्या लाकडाचे जातवार ढीग लावले, ढिगांभोवती कुंपण घातलं आणि कुंपणाला नाका केला. मेंढ्यांना डेपोसमोरून जायचं तर थांबावं लागे.

नाका चालायचा तो लाल भुकटीवर. या खेळात एक भुकटी मिळते. ती जमिनीवर ओळीनं टाकली की तिच्यातून संदेश वाहतो. एका टोकाला खटका ओढला की दुसऱ्या टोकाचा दट्ट्या ठोकळा पुढे ढकलतो किंवा मागे घेतो. घरमालक त्या भुकटीला गुलाल म्हणत. गुलालाच्या जोडीला लाल मशाली असतात. त्यांचा स्वभाव असा की संदेश आला की विझतात आणि संदेश थांबला की पेटतात. "सांगतलं त्याच्या उलटं करते," घरमालक कौतुकानं म्हणाले. "आपल्या घरात अशी एक हाय."

"दोन हायेत," घरमालकीणबाई आतून म्हणाल्या. "दुसरी चंद्रपुरात हाय."

दुसरीनं पुढे चंद्रपुरातच, दवाखान्यात तिच्यासोबत नोकरी करणाऱ्या एका मुलाशी, घरी न विचारता लग्न केलं. मुलगा जातीतला नव्हता. बातमी फोनवर आली. घरमालकांनी आवाज चढवला नाही, फोनही आपटला नाही. "न इच्चारता गेली," एवढंच म्हणाले. मग टॅबलेट घेऊन ओसरीवरच्या धान्याच्या कोठीजवळ बसले, कारण त्या घरात मोबाइलचा टॉवर फक्त तिथंच लागतो. त्यांच्या डेपोच्या आणि मुलीच्या घराच्या मध्ये लाव्हाची एक दरी होती. तिच्यावर दोघांनी मिळून बांधलेला दगडी पूल होता. तो त्यांनी एकेक ठोकळा करून तोडला. पुढच्या काही दिवसांत त्या जागी सरकता पूल बसवला. दोन्ही काठांत दट्टे दडवलेले. खटका ओढला की पूल दरीवर यायचा, सोडला की काठात शिरायचा. खटका डेपोच्या बाजूला.

तेव्हापासून बापलेक फोनवर बोलत नव्हते. मुलगी आईशी बोलायची. त्या सामाईक जगात मात्र दोघंही येत, आपापल्या काठावर काम करत आणि गरजेपुरतं लिहीत. "कोळसा संपला का?" "नाई." त्यांनी लिहिलेलं इतपतच असे.

मुलगी डेपोच्या काठावर का येत नाही, हे घरमालकांना खरंच कळत नव्हतं. त्यांच्या मते पद्धत सरळ होती. माणूस नाक्याशी येतो, सांगतो, बांबू वर होतो. शिवाय ती दरी काही फार रुंद नव्हती. पळत येऊन उडी मारली तर खेळातला माणूस पलीकडे जातो, आणि मुलीनं तसं एकदा लिहूनही पाठवलं होतं. ते वाचून घरमालक कोठीजवळून उठून उभे राहिले. "नाक्यावरून उडी मारून चोरटे सागवानवाले जातेत! माही पोरगी जाईन?"

तान्ह्या पोळ्याला जे झालं ते असं. सूर्य बुडाल्यावर लाकडाची वाहतूक बंद, हा नियम त्यांनी नोकरीभर पाळला होता. म्हणून त्यांनी पुलाला ऊन ओळखणारी एक पाटी जोडली. त्या जगात दिवस बुडाला की खटका कसाही असो, पूल आपोआप काठात शिरणार. त्या दुपारी मुलीच्या काठावर लाकडी बैलांची रांग उभी दिसली. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल मिरवतात, तसे तिनं ठोकळ्यांचे बैल केले होते. घरमालक ते बघायला पूल ओलांडून गेले. बैल बघितले, लाकूड कोणतं ते बघितलं, आणि परत निघाले. ते पुलाच्या मधोमध होते तेव्हा तिथला सूर्य मावळला.

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी टॅबलेट उघडला तर मुलीनं दोन ओळी लिहिलेल्या होत्या. पहिली: "बाबा, लागलं त नाई?" दुसरीआधी तिनं थोडा वेळ घेतला असावा. "तुमी येऊ शकता, मी नाई. खटका तुमच्याच बाजूले हाय. दरवेळी मीच काऊन इच्चारू?"

घरमालकांनी ते मला वाचून दाखवलं, मग बायकोला वाचून दाखवलं. घरमालकीणबाई तांदूळ निवडत होत्या. "खरं बोलून राह्यली," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. आता पुलाला दोन खटके हवे होते, एक इकडे, एक तिकडे. पहिला प्रयत्न सोपा होता. पलीकडे दुसरा खटका बसवून त्याचा गुलाल इकडच्या गुलालात आणून सोडला. पूल दोन्हीकडून निघू लागला. पण इकडचा खटका ओढलेला राहिला तर तिकडून पूल बंद होईना. मी म्हणालो, निघतो ना, मग झालं. त्यांना ते पटलं नाही. "काढता येते पण बंद करता येत नाई, मंग तिच्या हातात काय राह्यलं?"

मी असंही सुचवलं की पूर्वीसारखा दगडी पूल बांधून टाका, कोणी कोणाला विचारायला नको. त्यांनी माझ्याकडे, बिनापासचं लाकूड नेणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरकडे बघावं तसं बघितलं. "दगडाचा पूल म्या बांधला अन् म्याच तोडला. तो त माहाच होता. हा तिनं सोताच्या हातानं काढला पायजे."

उत्तर त्यांना जिन्यात सापडलं. आमच्या जिन्यात एक दिवा आहे आणि त्याला दोन बटणं आहेत, खाली एक, वर एक. कुठलंही दाबलं की दिवा असेल तर जातो, नसेल तर लागतो. या दिव्याखालून ते वर्षानुवर्षं गेले होते. एका सकाळी मी खाली उतरत होतो तेव्हा दिवा लागला, गेला, लागला, पुन्हा गेला. घरमालक खालच्या बटणाशी उभे होते. घरमालकीणबाई वरच्या बटणाशी, हातात पिठाची परात घेऊन.

"आता दाबा!"

"दाबलं."

"लागला का?"

"मले काय इच्चारता जी? तुमच्या डोक्यावरच हाय तो!"

"भाऊ, काय चाललंय?" मी विचारलं.

"जिना समजून राह्यलो," ते म्हणाले, आणि मला तिथंच थांबवून आणखी दोनदा दिवा लावायला लावला.

जिना समजायला वेळ लागला, आणि समजलेला जिना गुलालात उतरवायला त्याहून जास्त. इथं त्या उलट्या स्वभावाच्या मशाली कामी आल्या. गणपती बसले आणि उठले, नवरात्र आलं. कधी पूल अर्धाच निघे. कधी एका काठाचे दट्टे पुढे यायचे आणि दुसऱ्या काठाचे मागे जायचे. कधी सगळं थरथरत राहायचं आणि खटखट आवाज स्वयंपाकघरापर्यंत जायचा. प्रत्येक वेळी पलीकडचा खटका तपासायला ते दरीला लांब वळसा घालून जात. उडी त्यांनी एकदाही मारली नाही. वाटेत लाव्हात पडत, खाटेवर उठत, पुन्हा वळसा घालत. मी एकदा म्हणालो, थोडी विश्रांती घ्या. "पाणी पडत असतानी रातभर नाका सांभाळला म्या," त्यांनी वर न बघता सांगितलं. "हे त बसल्या जागचं काम हाय."

दसऱ्याच्या आधी पूल जिन्यासारखा चालू लागला. कुठल्याही काठावरून ओढा, असेल तर जाईल, नसेल तर येईल. घरमालकीणबाईंनी तो बघितला. मग विचारलं, "अन् दिवस बुडाल्यावर आली पोरगी त?"

घरमालकांनी टॅबलेट पुन्हा उघडला. मग त्यांनी ऊन ओळखणारी पाटी काढली.

त्यांनी एका बोटानं लिहून पाठवलं: "तुझ्या बाजूले खटका लावला. बंद पण होते. पायजे तवा ओढ." उत्तर आलं नाही. तेव्हापासून रोज दुपारी ते कोठीजवळ बसत. खेळातला आपला माणूस ते मुद्दाम खटक्यापासून लांब, डेपोच्या पायरीवर, दरीकडे तोंड करून उभा करत. "उद्या कोणी म्हणू नोय का बापानंच ओढला." एका दुपारी मुलगी पलीकडच्या काठावर आली. खटक्याशी गेली, उभी राहिली, आणि निघून गेली. घरमालकांनी दुसरा चहा नको म्हटलं. घरमालकीणबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या आणि लसूण सोलू लागल्या.

दिवाळीच्या आधी, एका दुपारी, पूल निघाला. मी तेव्हा ओसरीवरच होतो. घरमालकांचा माणूस पायरीवर होता आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. पलीकडून मुलगी आली. तिच्यामागे आणखी एकजण होता, निळ्या सदऱ्याचा, डोक्यावर अनोळखी नाव तरंगत असलेला. त्याला अजून नीट चालता येत नव्हतं. पुलाच्या कडेशी तो दोनदा थांबला.

"हा कोण?" घरमालक म्हणाले.

"जावई," घरमालकीणबाई म्हणाल्या. "दुसरा कोण राहीन? सांभाळून ये म्हना त्याले."

घरमालकांनी टॅबलेट जवळ ओढला. बोट अक्षरांवर फिरत राहिलं. शेवटी त्यांनी लिहिलं: "मधातून चाल. कडेनं पडते." तो मधून चालत आला. मुलगी अलीकडच्या खटक्याशी गेली. तिनं तो ओढला, पूल काठात शिरला. पुन्हा ओढला, पूल आला. मग तिनं लिहिलं, "दोनीकडून चालते बाबा."

"चालते म्हनते," घरमालकांनी बायकोला सांगितलं.

"जेवले का ते इच्चारा."

त्यांनी विचारलं. "डब्बा हाय, ड्युटीवर जातो," असं उत्तर आलं, आणि दोघं परत पुलावरून गेले.

चंद्रपूरहून गडचिरोलीमार्गे धानोऱ्याला यायला बस आहे. हे लिहून होईपर्यंत मुलगी आणि जावई त्या बसनं आलेले नाहीत. पूल मात्र काल दुपारीही पलीकडून निघाला होता.