शालूमावशी आणि तारांचा धूर

तुमच्या घरात दुधावरची साय कोण खातं? आमच्याकडे ती सगळ्यांत अशक्त मुलाच्या वाट्याला येते. बहुतेक घरांत तसंच असेल. त्या सायीकडे साध्या नजरेनं बघणं मला जिच्यामुळे कायमचं अशक्य झालं, ती शालूमावशी तीन आठवड्यांपूर्वी गेली. कॉलेजात तास घेता घेता छातीत कळ आली... शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "शालू? अगं, सकाळी तर इथून चहा पिऊन गेली!"

मावशी आईची मैत्रीण. दोघी कोकणातल्या एकाच बौद्धवाडीत वाढल्या. मावशी शिकली, केमिस्ट्री शिकवू लागली आणि कळंबोलीच्या आमच्याच कॉलनीत एकटी राहायला आली. मी जयंतीच्या पत्रकांवर वाचायला शिकले आणि मोर्च्याच्या पत्रकांवर लिहायला. शब्द पेटलेच पाहिजेत, असं माझं म्हणणं. मावशीला मात्र शब्द खरा आहे की नाही, एवढ्याशीच मतलब.

कॉलनीमागे, कामोठ्याच्या अंगाला, भंगारवाले तांब्यासाठी विजेच्या तारा जाळत. तारांवरचं प्लास्टिक जळून काळा धूर उठे आणि राख गवतावर बसे. त्याच गवतात कामोठ्याच्या हिराबाईच्या म्हशी चरत, आणि त्यांचं दूध आमच्या घरोघरी येई. आमची तक्रार काय, तर वाळत घातलेले कपडे काळे होतात! मावशीनं मात्र परदेशातल्या एका कारखान्याच्या अपघाताबद्दल वाचलं होतं. तिथे डायॉक्सिन नावाचं विष हवेतून गवतावर आणि गवतातून जनावरांत उतरलं होतं. तार जळते तेव्हाही ते तयार होतं, हे तिला ठाऊक होतं.

माझ्या भाचीचं तेव्हा नुकतंच उष्टावण झालं होतं. पोरीचं वजन भरत नव्हतं, म्हणून वहिनी तिला सायीचं बोट चाटवत होती. मावशीनं तिचा हात धरला.

"साय नको देऊ हिला."

"मावशी, मी तीन उकळ्या आणते हो दुधाला."

"उकळीनं जंतू मरतात. हे जिवंतच नाही, तर मरेल कसं? ते स्निग्धांशात जाऊन बसतं. म्हणजे सायीत."

वहिनीचा चेहरा उतरला. ज्या मुलाला जास्त जपायचं, त्यालाच आपण जास्त विष भरवत असू, हे कुठल्या आईच्या डोक्यात येईल? तिनं घाबरत विचारलं, "मग माझ्या अंगावरच्या दुधात?" दुसरं कुणी असतं तर खोटा धीर दिला असता. मावशी तिच्याजवळ खाली बसली. "थोडं उतरत असेल. तरी तेच पाज. त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही." वहिनी रडायची थांबेपर्यंत ती तिथून उठली नाही.

पुढे सोसायटीची मीटिंग झाली. सगळ्यांचं एकच म्हणणं, कामोठ्याचं दूध बंद करा, पोरांना डब्याची पावडर आणा. मावशी म्हणाली, "पावडरीचं दूधही कुठल्या तरी गवतातूनच येतं. डब्यावर गवताचं नाव छापत नाहीत."

सेक्रेटरी हसले. "मॅडम, प्रूफ आहे काय? नाय ना? मग कशाला फुकटचं टेन्शन देता?"

"प्रूफ नाही. हे मोजणारी प्रयोगशाळा मला कुठे मिळालेली नाही. पण धूर तुम्हालाही दिसतो ना?"

हिराबाई दाराशी किटली घेऊन उभी होती. दूध बंद झालं तर म्हशी विकाव्या लागणार, हे तिला कळलं होतं. ती कडाडली, "बाई, तुमी शिकलेली हाव ना? मंग सांगा, माजे म्हशीचं काय चुकलं? माजा नातू पन तेच दूध पितो!"

"म्हशीचं काही चुकलं नाही, हिराताई. चला, जाळ कोण लावतंय ते बघून येऊ."

मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'विषारी दूध!' मावशीनं तो खोडला. मी चिडले, "हे पत्रक आहे की शाळेचं सर्क्युलर?" ती शांतपणे म्हणाली, "लोक घाबरले की म्हशी विकतील. मग त्याच म्हशी दुसऱ्या गावातल्या पोरांना दूध देतील."

भंगारवाल्यांना तिनं भाषण दिलं नाही. "जाळल्याशिवाय तांबं निघनार कसं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिनं पिशवीतून सुरी काढली आणि जमिनीवर बसून तार सोलायला घेतली. ते हसले. "मॅडम, अशानं दिवाळी येईल!" दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती परत तिथे. मग हिराबाई आली, मग वहिनी भाचीला कडेवर घेऊन आली. न जळलेल्या तांब्याला भाव चांगला येतो, हे कळल्यावर भंगारवालेही सोलू लागले. केसासारख्या बारीक तारा काही सोलता येत नसत, त्या तेवढ्या जळत. त्यांच्या धुरापासून वाचवायला मावशीनं हिराबाईला म्हशी वाऱ्याच्या उलट्या बाजूला चरायला न्यायला लावलं. मावशीच्या बोटांवर नेहमी चिरा असत. वर्षानुवर्षं.

भाची आता शाळेत जाते, दंगा करते. तिला काही झालं नाही. मावशी नसती तर झालं असतं का? हे कुणालाच कधी कळणार नाही... मावशीलाही कळणार नव्हतं. लोक विजयासाठी लढतात, निदान हौतात्म्यासाठी तरी. जे घडलं नाही आणि ज्याचा पुरावा कधीच मिळणार नाही, त्यासाठी रोज संध्याकाळी मातीत बसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तिच्यापुढे माझी सगळी पत्रकं मला आरडाओरडा वाटतात.

ती गेली त्या आठवड्यात कॉलनीमागे पुन्हा मोठा धूर उठला. मी पोचले तेव्हा हिराबाई जाळावर माती लोटत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "उबी काय ऱ्हायलीस? बस." आम्ही अंधार पडेपर्यंत तारा सोलल्या.

वाचकहो, मावशीसाठी शोकसभा घेऊ नका. तुमच्या वस्तीतही कुठे तरी तार जळत असेल. धूर दिसला की आपण खिडकी लावून घेतो. या वेळी लावू नका. सुरी घ्या, खाली उतरा आणि जाळणाऱ्याच्या शेजारी बसा.